लढाईंतून उरलेले ट्रक

दुसऱ्या महायुद्धानें मराठी बोलण्यांत जे नवे शब्द आणून सोडले, त्यांत 'डिस्पोजल' हा एक आहे. लढाई संपल्यावर लष्कराला नको झालेला माल सरकारनें विकावयास काढला, आणि त्या विक्रीचें नांवच लोकांनीं मालाला दिलें. डिस्पोजलचें ब्लँकेट, डिस्पोजलचा तंबू, डिस्पोजलची पाण्याची बाटली, अशा वस्तु मध्यमवर्गीय घरांतूनहि आल्या आणि कित्येक वर्षें वापरांत राहिल्या. परंतु ह्या मालांतील सर्वांत अवजड, आणि देशाच्या व्यवहारावर सर्वांत खोल ठसा उमटविणारी वस्तु घरांत मावणारी नव्हती. ती म्हणजे लष्करी मालमोटार. लोकांच्या भाषेंत 'मिलिटरी ट्रक'. तिची हकीकत आज सांगावयाची आहे. तींत सेनापतींचीं नांवें येणार नाहींत. पाना, प्लग, किटलेले पॉइंट आणि गळणारी नळी ह्यांनाच तींत अधिक मान आहे.

ही हकीकत समजून घेण्यास गोंदियाचा मुलूख सोयीचा आहे. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं. त्यापूर्वीं तो भंडारा जिल्ह्याचा भाग होता. गोंदिया शहरापासून थोड्याच अंतरावर बिरसी येथें विमानतळ आहे. तो इंग्रज सरकारनें १९४० सालीं, महायुद्ध चालू असतांना बांधला. नागपूरहून भंडारा, साकोली आणि देवरी ह्या मार्गानें रायपूरकडे जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रस्ता ह्याच मुलुखांतून जातो. पश्चिमेस कामठीची जुनी छावणी. आणि सातपुड्यांतील छिंदवाडा येथें तर १९४३ पासून हिंदी फौजेची चौदावी डिव्हिजन ब्रह्मदेशच्या आघाडीसाठीं शिपायांना जंगलांतील लढाईचें शिक्षण देत होती. म्हणजे रणभूमि शेंकडों मैल दूर असली तरी तिची तयारी ह्या मुलुखाच्या अगदीं शेजारीं चालली होती.

त्या युद्धांत ट्रक किती लागले ह्याची कल्पना आंकड्यांवरून येते. पहिल्या महायुद्धांत हिंदी फौजेचें पुष्कळसें ओझें खेचरें, उंट आणि बैल यांनीं वाहिलें होतें. दुसऱ्या महायुद्धांत तें काम मुख्यतः इंजिनाकडे आलें. तिन्ही आंसांवर ओढ घेणारा अमेरिकन 'जी. एम. सी.' हा अडीच टनी ट्रक साडेपांच लाखांहून अधिक बनला. विलीस व फोर्ड यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनविल्या. कॅनडांत फोर्ड व शेव्हरोले यांनीं एकाच लष्करी नमुन्याचे सुमारें चार लाख ट्रक काढले. हे कॅनडाचे ट्रक चटकन् ओळखूं येत. नाक बसकें, आणि पुढची कांच वरच्या अंगास पुढें झुकलेली. कांचेवर ऊन चमकून वरच्या विमानाला गाडी दिसूं नये, हा त्या कलण्याचा एक हेतु होता. ह्या गाड्या सुट्या भागांच्या रूपानें बोटींतून येत आणि येथें जोडल्या जात. मुंबईंत जनरल मोटर्सचा मोटारी जोडण्याचा कारखाना १९२८ पासून होता, फोर्डचाहि होता. युद्धकाळांत ह्या कारखान्यांतून लष्कराच्या गाड्या बाहेर पडूं लागल्या.

१९४५ सालीं लढाई थांबली. आलेला माल समुद्रापार परत नेण्याचा खर्च मालाच्या किंमतीला भारी पडणारा होता, म्हणून तो येथेंच विकण्याचें ठरलें. ह्या विक्रीचा पसारा केवढा होता हें एका खटल्यावरून दिसतें. बंगालमध्यें पानागढ येथें पडलेल्या विमानांच्या भंगाराचा सौदा नोव्हेंबर १९४६ मध्यें १० लाख रुपयांना ठरला. खरेदीदारानें त्यांतले २५ टक्के, म्हणजे अडीच लाख रुपये भरले आणि पुढें सौदा पुरा केला नाहीं. ती रक्कम बयाणा म्हणून जप्त करतां येते किंवा नाहीं, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९६९ सालीं विक्रेत्याच्या बाजूनें मिटला. नुसत्या भंगाराची ही किंमत; मग चालत्या गाड्यांना गिऱ्हाइकांचा तोटा कसा असणार?

गिऱ्हाइकांची निकडहि तशीच होती. युद्धाच्या वर्षांत नागरिकांसाठीं नव्या गाड्यांची आयात जवळजवळ बंद पडली होती. पेट्रोल मोजून मिळे. कित्येक मोटारी पाठीमागें भट्टी बसवून लोणारी कोळशाच्या वायूवर चालवाव्या लागत. गोंदियासारख्या ठिकाणची अडचण आणखी निराळी. धान, लाकूड आणि तेंदूपान हा ह्या मुलुखाचा माल. नागपूरहून कलकत्त्याकडे जाणारी मोठी रेल्वे आणि १९०३ ते १९०५ च्या दरम्यान जबलपूरपर्यंत झालेली लहान रुळांची रेल्वे, ह्या दोन्ही गोंदियास मिळत. परंतु शेतापासून गिरणीपर्यंत आणि जंगलापासून स्टेशनापर्यंत रूळ नव्हते. पावसाळ्यांत तर तेथें धड रस्ताहि नसे. चिखलांतून स्वतःला ओढून काढणारी, चारी चाकांना जोर असलेली गाडी अशा मुलुखास हवीच होती.

परंतु लढाईची गाडी व्यापारासाठीं बनविलेली नसते. तिच्याकडून थोडे दिवस काम घ्यावयाचें, आणि ती पडली तर दुसरी आणावयाची, असा लष्कराचा हिशेब असतो. पेट्रोल किती जाळलें ह्याची विचारपूस रणांगणावर होत नाहीं. व्यापाऱ्याला मात्र ती रोज संध्याकाळीं करावी लागते. शिवाय अमेरिकन गाड्यांचें चाक डाव्या बाजूस, माहितीचीं पुस्तकें इंग्रजींत आणि भागांचे क्रमांक लष्कराच्या कोठारालाच कळणारे. ही दरी भरून काढली ती मिस्त्रीनें. १९३९ सालीं सुमारें दोन लाखांची असलेली हिंदी फौज १९४५ पर्यंत पंचवीस लाखांच्या घरांत गेली होती. तिच्यांत हजारों ड्रायव्हर तयार झाले. लष्करी यंत्रांच्या दुरुस्तीसाठीं १९४३ सालीं हिंदी फौजेंत स्वतंत्र दळ निघालें, त्यांतून फिटर तयार झाले. फौज मोडल्यावर हीं माणसें घरोघर परतलीं. ट्रक विक्रीस निघाला आणि ट्रक जाणणारा माणूस नोकरींतून सुटला, ह्या दोन गोष्टी एकाच वेळीं घडल्या. ह्या योगायोगाला पुरेसें महत्त्व दिलें जात नाहीं.

हा मिस्त्री गाडीचा दोष कसा ओळखी, तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. कारण आज हौसेनें जुना ट्रक बाळगणाऱ्या माणसाला तेंच करावें लागतें. पेट्रोलचें इंजिन तीन गोष्टींवर चालतें: ठिणगी, पेट्रोल आणि दाब. गाडी सुरू होत नसेल तर ह्या तिन्ही एकामागून एक तपासावयाच्या, आणि पहिलीचा निकाल लागल्यावांचून दुसरीला हात लावावयाचा नाहीं. प्लगची तार लोखंडापासून किंचित् दूर धरून हँडल मारावें. ठिणगी निळसर आणि खणखणीत उडाली तर तो भाग ठीक. पिवळी व मरगळलेली दिसली तर पॉइंट पाहावे. घासून साफ केलेले पॉइंट चार दिवसांत पुन्हां करपले तर दोष पॉइंटांचा नसून शेजारच्या कंडेन्सरचा असतो. ठिणगी चांगली असेल तर कार्ब्युरेटरजवळ पेट्रोलची नळी सोडून धार येते कीं नाहीं तें पाहावें; मात्र हें करतांना ठिणगीची तार आधीं काढून ठेवावी. शेवटीं दाब. त्याला उपकरण लागतेंच असें नाहीं. हँडल सावकाश फिरवितांना प्रत्येक सिलिंडरचा विरोध हाताला जाणवतो. सहांपैकीं एका ठिकाणीं हात मोकळा सुटला कीं त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळला आहे किंवा रिंग गेली आहे असें समजावें. हँडल धरतांना अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावयाचा, मुठीसारखा आवळावयाचा नाहीं. इंजिनानें उलटा झटका दिला तर आवळलेला अंगठा आणि मनगट मोडतें. हा नियम शिकण्याची किंमत पुष्कळांनीं हाडानें मोजली आहे.

ज्या त्या गाडीच्या खोडी निराळ्या. फोर्डच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनांत जळलेला वायु बाहेर पडण्याच्या वाटा इंजिनाच्या ठोकळ्यांतूनच जातात. त्यामुळें भोंवतालचें पाणी तापतें. विदर्भाच्या मे महिन्यांत तर विचारूंच नये. त्यांतून पेट्रोलचा पंप इंजिनाच्या माथ्यावर. उन्हांत गाडी क्षणभर थांबली कीं नळींतल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाला ती खेंचतां येत नाहीं आणि गाडी जागच्या जागीं बसते. नवखा मनुष्य अशा वेळीं कार्ब्युरेटर उघडून बसतो. जाणता मनुष्य पंपावर ओलें फडकें टाकून झाडाखालीं वाट पाहतो. शेव्हरोलेच्या सहा सिलिंडरी इंजिनाची तऱ्हा वेगळी. त्याच्या दांड्यांच्या बेअरिंगमध्यें पांढरा मऊ धातु ओतलेला असे आणि त्यांना तेल मिळे तें बरेंचसें तळांतून उडणाऱ्या शिंतोड्यांनीं. तेल कमी पडलें कीं तो धातु वितळे आणि इंजिन आंतून ठोकूं लागे. परंतु हाच दुबळेपणा मिस्त्रीच्या पथ्यावर पडला. तो धातु तालुक्याच्या गांवींहि वितळवून पुन्हां भरतां येत असे आणि कानसून, निळा रंग लावून, खरवडून मापांत आणतां येत असे. जें अधिक सुबक असतें तें पुष्कळदां दुरुस्तीला अधिक कठीण असतें. येथें ओबडधोबड रचनेनेंच गाडीला दीर्घायुष्य दिलें.

ह्या गाड्यांची वीज सहा व्होल्टची. दाब अर्धा म्हणजे तेवढ्याच कामाला प्रवाह दुप्पट. म्हणून सांध्यावरचा थोडासा गंज बारा व्होल्टच्या गाडीला जितका बाधतो त्याहून पुष्कळ अधिक ह्या गाडीला बाधतो. स्टार्टर रडत रडत फिरूं लागला तर बॅटरी बदलण्यापूर्वीं तिचा अर्थ जेथें सांगाड्याला जोडला आहे ती जागा घासून लखलखीत करावी. कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढच्या आंसाची ओढ जोडून ठेवूं नये. वळणावर पुढचीं आणि मागचीं चाकें सारखें अंतर कापीत नाहींत, तो ताण दांतेरी चाकांत सांठतो आणि शेवटीं कांहीं तरी तुटतें. ब्रेकच्या टाकींत हाताशीं आहे म्हणून इंजिनचें तेल कधींहि ओतूं नये. त्यानें रबरी वाट्या फुगतात आणि ब्रेक जाम होतात.

एक धोका मात्र सर्वांहून गंभीर आहे. कॅनडाच्या ट्रकांचें आणि कित्येक लष्करी जीपांचें चाक दोन तबकड्या बोल्टांनीं एकत्र आवळून केलेलें असतें. चाक गाडीपासून सोडण्याच्या चाक्या वेगळ्या आणि तबकड्या जोडणाऱ्या चाक्या वेगळ्या. टायरमध्यें हवा असतांना ह्या दुसऱ्या चाक्या कोणीं सोडल्या, तर तबकडी तोफेच्या गोळ्यासारखी उडते. म्हणून कित्येक ठिकाणीं त्या चाक्यांना तांबडा रंग देत. मागाहून सबंध गाडीवर एकच रंग फासला जातो आणि ती सूचना पुसली जाते. आज अशी गाडी घेणाऱ्यानें पहिलें काम करावयाचें तें त्या चाक्या शोधून पुन्हां तांबड्या करण्याचें.

आतां असा प्रश्न येतो कीं, एवढ्या संख्येनें आलेले हे ट्रक गेले कोठें? जीप आजहि ठिकठिकाणीं दिसते; तिच्याच बरोबरीचा ट्रक क्वचित् दिसतो. जीप अधिक दणकट होती असें नव्हे. महिंद्र कंपनीनें १९४७ पासून मुंबईंत माझगांव येथें विलीस जीप जोडावयास घेतली, पुढें तिचे भागहि येथेंच बनूं लागले, आणि लढाईंतल्या जीपला आयतीच सुट्या भागांची जन्मभरची सोय झाली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून डॉज व फार्गो ट्रक निघूं लागले, तेव्हां लष्करी डॉजलाहि कांहीं आधार मिळाला. उलट जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनीं १९५४ च्या सुमारास हिंदुस्थानांतील आपलें काम आटोपलें, आणि शेव्हरोले, जी. एम. सी. व फोर्डच्या ट्रकांना वाली उरला नाहीं. त्याच १९५४ सालीं टाटांचा मर्सिडीझ-बेंझशीं करार होऊन डिझेलच्या ट्रकांचें नवें युग सुरू झालें. जुन्या सांगाड्यांवर डिझेल इंजिनें बसलीं. एका ट्रकाचा आंस दुसऱ्याला, दुसऱ्याचे कमानपाटे तिसऱ्याला, असें करीत करीत चार गाड्यांची एक झाली, आणि शेवटीं तीहि भंगारवाल्याच्या तराजूवर चढली. वस्तु टिकते ती तिच्या लोखंडामुळें नव्हे. तिचे सुटे भाग आणि तिला जाणणारे हात टिकतात म्हणून.

हाच क्रम पुढच्या पिढीच्या लष्करी गाड्यांत पुन्हां चालू आहे. जर्मन 'मान' कंपनीच्या परवान्यानें १९५९ पासून जबलपूर येथें शक्तिमान ट्रक बनूं लागला. पुढें १९६९ सालीं तेथें लष्करी वाहनांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला आणि त्यांतून शक्तिमान, निसानच्या नमुन्याचा एक टनी ट्रक आणि जोंगा ह्या गाड्या निघाल्या. १९९० नंतरच्या दशकांत शक्तिमान बंद झाला. ज्या जबलपूरला गोंदियाहून छोटी गाडी घाटांतून जात असे, त्याच जबलपूरच्या ह्या गाड्या आतां लिलावांतून हौशी लोकांच्या हातीं येतात. आणि हौशी माणसापुढें तोच जुना प्रश्न उभा राहतो: भाग कोठून आणावयाचे आणि विचारावयाचें कोणाला?

त्यांत काळानें नव्या अडचणींची भर घातली आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें जुन्या पंपाचा रबरी पडदा आणि कार्ब्युरेटरचें बूच खातें, टाकींतला वर्षांचा गाळ सोडवून जेटमध्यें आणून बसवितें, आणि पावसाळ्याची ओल ओढून घेतें. ह्या इथेनॉलचा कांहीं अंश तांदळापासून काढलेला असतो. ज्या ट्रकांच्या जातीनें धानाचीं पोतीं वाहिलीं, तिच्या वंशजांना आतां धान असें बाधावें, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा. उपाय मात्र साधे आहेत. नवा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घालावा. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामें करावें. आंसांखालीं लाकडी ठोकळे देऊन टायरांवरचा भार काढावा. आणि धानाच्या मुलुखांत उंदीर तारा कुरतडतात हें विसरूं नये. पंधरा दिवसांतून एकदां इंजिन नुसतें सुरू करून लगेच बंद करणें हें न चालविण्याहून वाईट, कारण तेल तापत नाहीं आणि आंत जमलेलें पाणी उडून जात नाहीं. चालवावें तर चांगलें पांच-सहा मैल चालवावें.

दुसरी अडचण कायद्याची. केंद्र सरकारनें २०२१ सालीं पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु त्या नियमांत दुचाकी आणि खाजगी वापराच्या प्रवासी मोटारी येतात. मालमोटार हा वर्गच त्यांत नाहीं. जीपला जागा मिळाली, तिच्या शेजारीं चिखल तुडविणाऱ्या ट्रकाला मिळाली नाहीं. रणगाड्यांसाठीं अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, येथें १९९४ पासून संग्रहालय आहे. रणगाडा लढला म्हणून त्याचा मान. परंतु त्याचें पेट्रोल, त्याचा दारूगोळा आणि शिपायाची भाकरी ज्यानें पोंचविली त्याची नोंद कोणीं ठेवावयाची?

शिवाय त्या नियमांना वाहन मूळ रूपांत असावें लागतें. प्रवासी मोटारीला ही अट शोभते. ट्रकाच्या बाबतींत मात्र मला शंका येते. ज्या ट्रकावर १९६० च्या सुमारास डिझेल इंजिन चढलें, ज्याच्या दांड्याला गांवच्या लोहारानें वेल्ड दिलें, ज्याचा डाव्या बाजूचा चालक उजवीकडे आला, त्या ट्रकाचा इतिहास त्या बदलांतच आहे. ते सारे पुसून कारखान्यांतल्यासारखा कोरा ट्रक उभा केला तर लढाईचीं चार वर्षें हातीं येतील आणि पुढचीं चाळीस वर्षें जातील. म्हणून हौशी माणसानें काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून ठेवावा आणि मूळ काय, मागाहून काय, हें लिहून ठेवावें.

लिहून ठेवणें हीच खरी गोष्ट आहे. लष्करानें ह्या गाड्यांचीं जाडजूड पुस्तकें छापलीं. त्यांच्या प्रती आजहि मिळतात. परंतु वैशाखांत पंपावर ओलें फडकें टाकावयाचें, पांढरा धातु कोणत्या आंचेवर ओतावयाचा, चिखलांत रुतलेली गाडी काढतांना साखळी कोठें बांधावयाची, हें ज्ञान येथल्या मिस्त्रींनीं मराठींत, हिंदींत आणि झाडीबोलींत एकमेकांना सांगितलें. कागदावर तें फार थोडें आलें. हीं माणसें आतां वृद्ध आहेत, आणि त्यांचे गुरु तर केव्हांच गेले. ट्रकाचा भाग नवा घडवितां येतो; हाताला कळलेली गोष्ट मात्र तो हात गेल्यावर कोणालाहि घडवितां येत नाहीं. ज्यांच्या दारांत असा एखादा ट्रक उभा असेल, त्यांनीं पाना हातीं घेण्यापूर्वीं एक वही घ्यावी, आपल्या गांवच्या सर्वांत जुन्या मिस्त्रीला खुर्ची द्यावी, आणि तो बोलूं लागला कीं पहिल्या पानावर तारीख घालून लिहावयास सुरुवात करावी.